केतकीचं संशोधन आणि आमचं मंडळ

शहाण्या माणसांसमोर खरं बोलू नये, असं मला माझ्या पुतणीच्या व्याख्यानापासून वाटायला लागलंय. ऐका.

केतकी महादेवपुऱ्यात आयटीत आहे. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बऱ्याच पेन्शनरांचे पैसे एकाच गुंतवणूक कंपनीत आहेत. पोरीने सगळ्या सुट्ट्या घालवून त्या कंपनीचा माग काढला. आपले पैसे बॉम्ब बनवणाऱ्या कोणत्या कारखान्यात जातात आणि तिथे कोणत्या मंत्र्याचा मेहुणा संचालक आहे, हे तिने मंडळात पडद्यावर दाखवलं. सगळ्यांनी मिळून पैसे काढून घ्यावेत, एवढंच तिचं मागणं होतं.

इतकी शांतता आमच्या शोकसभेतही नसते. मला वाटलं, जिंकली.

मग जोशीअण्णा इथल्या कानडी वळणाने म्हणाले, "अगं, स्वल्प मागे जा. मेहुण्याची स्लाइड."

ती उत्साहाने मागे गेली. अण्णांनी कारखान्याचं नाव टिपून घेतलं.

"मेहुणा सख्खा ना?" कुलकर्णीबाईंनी विचारलं.

"सख्खा. का हो?"

"मग कंत्राटं मिळत राहतील."

चहाच्या वेळी खजिनदारांनी तिला पुढच्या महिन्यात औषध कंपन्यांवर बोलायचं आमंत्रण दिलं.

परतताना ऑटोत ती हेब्बाळपर्यंत आपल्या स्लाइड्स चाळत होती. मग म्हणाली, "काका, माझं मराठी कमी पडलं का? त्यांना समजलंच नाही."

हो म्हटलं असतं, तर पोरगी मराठी सुधारून पुन्हा उभी राहिली असती. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही गं. सगळं नीट समजलं त्यांना."