वस्तादाच्या हातचा तांब्या

टाळ जरा थांबवा, बाबांनो. विठोबाचं नाव घेऊन झालं, आता त्याच नावानं एक प्रश्न विचारतो. चूक एकानं केली, शिक्षा दुसऱ्यानं भोगली — आणि शिक्षा सुनावणारा होता तो चूक करणाराच! तर मग मंडळी, सांगा, त्या चूक करणाऱ्याचा हिशेब कोण करतो? गप्प का? बरं, मग ऐका!

वारणाकाठी एक गाव. गावात तालीम, आणि तालमीत नरसू वस्ताद. वय अडुसष्ट, कान मोडलेले, मान बैलासारखी! आवाज असा, की चौकात खाकरले तर तालमीतले पहिलवान बैठका सुरू करत! (हसू नका, तुमच्यातले दोघे तिथं जोर काढून आलेत, मला ठाऊक आहे.) वस्तादांना मूलबाळ नव्हतं. होता एक पठ्ठा — केरबा ढेरे. दहाव्या वर्षी मातीत उतरला, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी मोठ्या लीगमध्ये, गादीवर, हजारो माणसांपुढं शड्डू ठोकू लागला.

आता त्या तालमीची एक रीत सांगतो. मेहनत झाली की थंडाई. बदाम, खसखस, मिरी, वेलदोडा — सगळं वस्ताद स्वतः कुंडीत घोटायचे. पितळी तांब्या भरून पहिलवानाच्या हातात द्यायचे. त्यानं उभ्यानं, डोळे मिटून, एका दमात प्यायची. मग तांब्यात पाणी घालायचं, विसळायचं, आणि तेही प्यायचं! आत काय आहे, हे विचारायचं नाही. वस्तादाच्या हातचं कोणी विचारतं का? आईला कधी विचारलंत, आमटीत काय घातलंस म्हणून?

लीगची शेवटची कुस्ती तीन आठवड्यांवर आली, आणि सरावात केरबाचा खांदा दुखावला. हात वर जाईना! वस्तादांच्या जिवाची तगमग. जन्मभर ज्या दिवसाची वाट पाहिली, तो असा हातातून जाणार?

तेवढ्यात शहरातून एक माणूस आला. पांढरा सदरा, हातात पावडरीचा डबा, तोंडात साखर!

"वस्ताद, रोज एक चमचा. आठ दिवसांत खांदा लोखंड! आणि तपासणीत सापडत बी न्हाई."

थांबा! ऐकलंत? सापडत नाही म्हणाला! अहो, औषध चोख असेल तर सापडण्या-न सापडण्याची गोष्ट निघतेच कशाला? वस्तादांनीही ते ऐकलं. दोन्ही मोडक्या कानांनी ऐकलं! पण माणसाला जे नको असतं, ते कानावर पडूनही आत जात नाही. डबा ठेवून घेतला. रोज कुंडीत एक चमचा. केरबाला एका शब्दानं सांगितलं नाही.

खांदा सुधारला. केरबा जिंकला! गावानं हलगी वाजवली, गुलाल उधळला. आणि बाराव्या दिवशी कागद आला — लघवीच्या तपासणीत बंदी असलेलं औषध सापडलं.

चौकशीला वस्ताद सोबत गेले. समोर चौकशी समितीची तीन माणसं. मधल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "ढेरे, हे तुमच्या शरीरात आलं कुठून?"

केरबानं मान खाली घातली. मागच्या खुर्चीवर वस्ताद बसले होते. घशाशी शब्द आला — मी दिलं! तेवढाच शब्द. पण जन्मभराचं नाव, गावातला मान, सगळं त्या शब्दावर येऊन बसलं. जीभ उचलेना!

"मीच घेतलं," केरबा म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा संबंध न्हाई."

चार वर्षांची बंदी!

पुढचं सांगायला जड जातं, मंडळी. गावी आल्यावर गावचे पंच म्हणाले, "वस्ताद, मातीशी खोटं वागला त्यानं उंबरा ओलांडायचा न्हाई, हा नेम तुम्हीच घातलाय." वस्तादांनी खुंटीवरचा केरबाचा लंगोट काढला, आणि उंबऱ्याबाहेर ठेवला. स्वतःच्या हातानं! केरबानं बाहेरूनच पाया पडून तो उचलला आणि गेला. वर पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी थंडाई घोटली. पहिलवान रांगेनं आले, डोळे मिटून प्याले. कोणी विचारलं नाही, आत काय आहे. एकानंही नाही! तो विश्वास बघवेना, म्हाताऱ्यानं पाठ फिरवून कुंडी धुवायला घेतली. तरी वर्ष काढलं त्यांनी तसंच. वर्ष!

मग एका सकाळी गुऱ्हाळावर गेले. केरबा उसाच्या मोळ्या वाहत होता. एकाच खांद्यावर. दुसरा कायमचा गेला होता — दुखणं दबलं होतं, बरं झालं नव्हतं, आणि तो तसाच लढला होता.

"केरबा, तुला ठाव हुतं?"

"पयल्याच दिवशी. कडू लागलं."

"मग इचारलं का न्हाईस रं?"

केरबानं मोळी खाली ठेवली. "तुमच्या हातचं हुतं, वस्ताद."

 

वस्ताद तिथून थेट समितीच्या त्या बाईंपुढं जाऊन उभे राहिले. सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "त्या दिवशी का बोलला नाहीत?"

"लाज वाटली."

"त्याचं एक वर्ष कमी होईल. सगळी शिक्षा पुसता येणार नाही. आपल्या पोटात काय जातं ते विचारणं खेळाडूचं काम आहे, आणि तोही खोटं बोलला. तुम्हाला मात्र आजपासून चार वर्षं बंदी. शिकवायचं नाही, तालमीत पाऊल टाकायचं नाही."

वस्ताद म्हणाले, "बाई, हे वर्षापूर्वीच द्यायला पायजे हुतं."

तेव्हापासून रोज पहाटे म्हातारा तालमीच्या बाहेरच्या पायरीवर बसायचा. आत मातीवर पाय पडल्याचा आवाज ऐकायचा. बस, तेवढंच.

केरबाची बंदी आधी संपली. पण तो खांदा आता कुस्तीचा राहिला नव्हता. लीग पुन्हा दिसली नाही. गावानं तालीम त्याच्या हाती दिली. पहिल्या दिवशी त्यानं थंडाई घोटली, सगळ्यांदेखत आधी स्वतः प्याला, आणि म्हणाला, "आत काय हाय ते इचारल्याबिगर कुणी तोंड लावायचं न्हाई. माझ्या हातचं असलं तरी!"

मग तांब्या भरून बाहेर पायरीवर आला.

"वस्ताद, घ्या."

म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढं केले. मग थांबला. जन्मात पहिल्यांदा त्यानं विचारलं, "काय हाय रं आत?"

"बदाम, खसखस, मिरी, वेलदोडा."

"आनि?"

"आनि काय न्हाई, वस्ताद."

वस्ताद डोळे उघडे ठेवून प्याले. मग पाणी मागितलं. तांब्या विसळला, आणि तेही प्याले. केरबा शेजारी पायरीवर बसून राहिला. वस्तादांची दोन वर्षं अजून बाकी होती.

तर मंडळी, समितीनं शिक्षा दिली, गावानं दिली. पण खरी शिक्षा कुठली? तो पायरीवरचा म्हातारा सांगेल. आता माझं एवढंच ऐका. तुमच्या हातचं डोळे मिटून पिणारं कोणीतरी तुमच्या घरात आहे. लेक आहे, सून आहे, शिष्य आहे, गडी आहे. आज घरी गेलात की त्याच्या तांब्यात काय घालताय ते एकदा बघा. आणि त्यानं विचारलं, तर रागावू नका!

बोला, पुंडलिक वरदे — नाही, आज मोठ्यानं नको. आज मनातल्या मनात म्हणा.