बोटीवर बातम्या कोण देणार?

नाही, पण मी म्हणते, विचारलं तर काय चुकलं? तुम्हीच सांगा. दोन लहान पोरं घेऊन माणसं समुद्रात चाललीयत, बागेत नाही, समुद्रात, जिथे चारी बाजूंनी पाणी आणि खालीही पाणीच, आणि मी बुकिंगवाल्या बाईला फोनवर जरा चार शंका विचारल्या तर ती म्हणते कशी, "मॅडम, तुमचं झालं असेल तर मी जेवून घेऊ का?"... घे की बाई, मी कुठे तुझा हात धरलाय.

बरं, ही हौस माझी नव्हे हं. मी ताईकडे राहते, घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासते, म्हणजे जिथे चूक असेल तिथे माझी नजर आपोआप जाते, आणि दारावरची बेल वाजली तरी हातातली पेन्सिल उडून कपाटाखाली जाते. ताई नर्स. भावोजी बस चालवतात. तिची रात्रपाळी संपते तेव्हा त्यांची पहिली फेरी सुटते, त्यांचा संसार म्हणजे उंबऱ्यात उभं राहून एकमेकांच्या हातात डबा आणि किल्ली देणं. दोघांनी शेजारी बसून गरम चहा प्यायलेला मी पाहिलेला नाही, एकाचा तरी गार झालेला असतोच. यंदा काय चमत्कार झाला कोण जाणे, दोघांची रजा एकाच आठवड्यात मंजूर झाली आणि ताईने ठरवलं, क्रूझ. का? तर तिथे किड्स क्लब असतो. सकाळी पोरं क्लबात सोडायची आणि आपण दोघांनी डेकवर खुर्च्या टाकून... काही करायचं नाही. नुसतं बसायचं. हे सांगताना तिचा चेहरा असा काही झाला, की मी 'बोट मी शोधते' म्हणून बसले.

"तूच शोध," ताई म्हणाली. "तुला शंका फार येतात. तू पास केलेली बोट बुडायची नाही."

आता बुडायचा विषय काढायची काही गरज होती का?

तर पोरं. थोरली सहा वर्षांची, घरात सगळ्यांना शिस्त लावते म्हणून तिचं नाव हेडबाई. धाकटा साडेतीन वर्षांचा, ठोंब्या. गुणी पोर, पण त्याची एक अट आहे. ठोंब्या संडासात बसला की हेडबाईने दाराबाहेर उभं राहून बातम्या द्यायच्या. म्हणजे घरात काय चाललंय ते सांगत राहायचं, "बाबा मोजा शोधतायत, एकच सापडलाय... आई झोपलीय, तोंड उघडंय... बेल वाजली, मावशी दचकली." बातम्या चालू तर आत काम चालू. बातम्या थांबल्या की आतून बहिणीला हाक, "ताई, आहेस का?" आणि सगळं ठप्प.

मग मी ते फोनवर विचारायचं की नाही? विचारलं तर काय चुकलं?

पहिल्या बोटीवाली म्हणाली, तीन ते पाच वर्षांची मुलं एका क्लबात, सहापासून पुढची दुसऱ्यात, आणि दोन क्लबांच्या मधे दोन मजले. दोन मजले! म्हणजे हेडबाईने बातम्या काय भोंग्यावरून द्यायच्या? मी विचारलं, तुमच्याकडे दाराबाहेर उभं राहून बातम्या देणारं कुणी असतं का? तर म्हणाली, "मॅडम, प्रत्येक केबिनमध्ये टीव्ही आहे." काट मारली. दुसऱ्या बोटीवर मूल अडून बसलं की आईवडिलांना फोन करून बोलावतात, मग डेकवरच्या खुर्चीचं काय, ती वाऱ्याने डुलत बसणार. काट. तिसरीवर सगळं झकास, पण फोटोतल्या घसरगुंडीचं टोक मला फार टोकदार वाटलं. चौथीवरचा विदूषक... नाही, त्याच्याबद्दल नकोच बोलायला, मला स्वप्नात आला होता.

भावोजी नुसते माझ्याकडे बघून वायपरसारखी मान हलवतात. ताई मात्र बोलली. "तुला बोट शोधायला सांगितली होती गं, नापास करायला नाही." मग जरा वेळाने, उशीचा अभ्रा घालता घालता, "राहू दे. रजेत पडदे धुऊन काढू." रागावली असती तर परवडलं असतं. पण ती खरंच मान वर करून पडद्यांकडे बघायला लागली.

मी पुन्हा फोन उचलला. आणि तुम्हाला सांगते, मिळाली! एका बोटीवर थोरलं भावंड धाकट्याच्या क्लबात बसू शकतं, आईवडिलांनी हो म्हटलं की झालं. मी असल्या ऐटीत बाहेर आले, जणू समुद्र मीच खणलाय. सगळ्यांना फोटो दाखवले. हा लहानांचा क्लब, मऊमऊ गाद्या, ठोकळे, आणि हा वरचा मोठ्यांचा, इथे खरं रंगमंचासारखं स्टेज, लाल पडदा, मुलं नाटक बसवतायत, पण तो आपल्याला नकोय.

हेडबाई त्या लाल पडद्यावरून बोट काढेना. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मावशी, मी तिथे पण बातम्याच द्यायच्या का?"

...मी जगातल्या सगळ्या बोटवाल्यांना विचारलं हो. घसरगुंडीचं विचारलं, विदूषकाचं विचारलं. हिला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ताईने तिला जवळ ओढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तालीम करू. आत्ताच. आतली खोली मोठ्यांचा क्लब, हेडबाई तिकडे, दार लावून. स्वयंपाकघर लहानांचा क्लब. भावोजी कॅप्टन, कारण गणवेश त्यांच्याकडेच होता. थोड्याच वेळात ठोंब्याची वेळ झाली. तो आत गेला. मी दाराबाहेर उभी राहिले, घसा खाकरला आणि सुरू केलं, "कुकर शिट्टी देतोय, फुटणार तर नाही ना... बाबा स्टुलावर चढलेत, पडतील बहुतेक..."

"मावशी," आतून आवाज आला, "तू नको सांगू. तुझ्या बातम्यांनी भीती वाटते."

बातम्या बंद. आत गप्प. ताई, भावोजी भिंतीला टेकून उभे, भावोजींनी तर टोपी काढून हातात घेतली होती. मला वाटलं, आता हाक मारणार, 'ताई, आहेस का'... आणि संपली क्रूझ, काढा पडदे.

आणि मग ठोंब्याने स्वतःच सुरू केलं.

"मी बसलोय. नळ टपटप करतोय. एक मुंगी आहे, ती घरी चाललीय. ताई नाटकात आहे. मावशी बाहेर उभी आहे. मावशी घाबरलीय." मग जरा थांबून, अगदी समजुतीच्या सुरात, "घाबरू नकोस हं, झालंच माझं."

ताईने पदराने डोळे पुसले, भावोजींनी टोपीने. मी बुकिंगवाल्या बाईला फोन लावला, म्हटलं, हीच बोट, दोघं आपापल्या क्लबात. ती म्हणाली, "अजून काही शंका, मॅडम?" मी म्हटलं, नाही. तर बिचारी घाबरून म्हणते, "नक्की ना? बऱ्या आहात ना?"

काल निघाली चौघं. दारात पहिल्यांदाच दोघं एकाच बाजूला उभी होती, बाहेर, आणि डबा-किल्ली माझ्या हातात. मी विचारलं, पोचल्यावर फोन कराल ना? विचारलं तर काय चुकलं?

आणि आता घरात ही अशी शांतता. बेलसुद्धा वाजत नाही, दचकायचं तरी कशाला? सकाळी मी बाथरूमात गेले, कडी लावली, तर बाहेर कुणीच नाही हो... मग काय करता. केल्या आपल्या बातम्या स्वतःच सुरू. "मावशी आत आहे. नळ टपटप करतोय. मुंगी अजून घरी पोचलेली नाही..."