काचेच्या दाराबाहेर चार मिनिटे

दिनांक १९/०५/२०२५, वेळ सकाळी ११.२०

मी, चैताली मोतीराम गांगुर्डे, वय ३१ वर्षे, व्यवसाय खासगी नोकरी (कुरिअर कार्यालयात क्लार्क), राहणार उपनगर, नाशिक. आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर आई साळूबाई व धाकटा भाऊ रविराज, वय २७, यांच्यासोबत राहते. वडील हयात नाहीत. रविराजने मालेगाव येथील एका हॉटेलात चार वर्षे कबाबच्या भट्टीवर कारागीर म्हणून काम केले आहे. फेब्रुवारीत तो नाशिकला परत आला. त्याला स्वतःचे चिकन कबाबचे काउंटर सुरू करायचे आहे. त्याआधी नाशिकमध्ये कोण कसे कबाब देतो ते खाऊन बघू, असे तो म्हणाला. मला सोबत नेण्याचे कारण असे की, आई सगळ्यालाच चांगले म्हणते आणि मी म्हणत नाही.

मे महिन्यापासून आम्ही दर रविवारी दुपारी एका हॉटेलात जात होतो. टिक्का मधोमध हाताने तोडायचा, चटणी लावण्याआधी वास घ्यायचा, सळईच्या भोकाजवळचे मांस बघायचे, असे त्याने मला शिकवले होते. मी वेळ आणि चव वहीत लिहीत असे. दि. ४ मे रोजी द्वारका परिसरातील एका हॉटेलात टिक्का खाल्ला. दही बरोबर होते, मांस कोरडे होते. दि. ११ मे रोजी सातपूर बाजूला सीख कबाब खाल्ला, तो तोंडात घालताच पीठ होत होता. मांस मऊ करायला लावलेली कच्ची पपई जास्त झाली, असे रविराजचे म्हणणे पडले. ती वही मी आज आपल्याकडे जमा केली आहे.

काल दि. १८ मे रोजी दुपारी १२.४० वाजता आम्ही माझ्या स्कूटीवरून महामार्गालगतच्या हॉटेल शेगडीघर येथे पोहोचलो. तेथे टेबलाच्या मधल्या खड्ड्यात निखाऱ्यांची शेगडी ठेवतात आणि सळया गिऱ्हाइकाने स्वतः फिरवायच्या असतात. बाहेर मांडवात टेबले रिकामी होती. रविराज बाहेर बसू म्हणाला. ऊन फार होते, म्हणून मी एसी खोली मागितली. आत बसण्याचा आग्रह माझा होता.

सदर खोलीत चार टेबले आहेत. खिडकी नाही. काचेचे एकच दार आहे, ते आपोआप बंद होते. धूर बाहेर टाकणाऱ्या पंख्याच्या जागी भिंतीला प्लायवूड ठोकलेले होते. रविराजने वेटरला त्याबद्दल विचारले. वेटरचे नाव सोमा, तो सुरगाणा बाजूचा आहे. पंखा चालू ठेवला की एसीची थंडी निघून जाते, म्हणून साहेबांनी बंद करायला लावला, असे त्याने सांगितले. रविराजने दोन वेळा त्या प्लायवूडकडे बघितले. मी त्याला म्हटले, आधी खाऊन घे.

एक वाजण्याच्या सुमारास एक वयस्कर जोडपे आत आले. बोलण्यावरून समजले की ते कळवणचे निवृत्ती देवरे व त्यांची पत्नी सुलाबाई. निवृत्तीबाबांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते, ते दाखवायला आले होते. सळई कशी फिरवायची हे त्यांना कळेना, म्हणून रविराज उठून त्यांच्या टेबलाशी गेला आणि त्याने त्यांना दोन सळया भाजून दिल्या. बाबा म्हणाले की, पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा विस्तव इतका लाल दिसला.

१.२० वाजता सोमाने दोन्ही शेगड्यांत नवे निखारे घातले. धूर अजिबात नव्हता. टिक्का चांगला होता. तिन्ही ठिकाणांपैकी तोच सर्वांत चांगला होता. हे लिहून घेणे आवश्यक आहे की नाही, मला माहीत नाही. वहीत १.३५ला मी ‘डोके जड’ असे लिहिले आहे. त्याखालची ओळ माझीच आहे, परंतु मला ती वाचता येत नाही.

सुलाबाई म्हणाल्या, “बाई, मला गरगरतंय.” मी त्यांना उन्हाने होत असेल असे सांगितले. मलाही मळमळत होते. तोंड धुऊन येते, असे रविराजला सांगून मी उठले. तो सळईकडेच बघत होता. मला वाटले, तो चव घेतो आहे. दार ढकलून बाहेर आले आणि बोळात गुडघ्यावर पडले. उलटी झाली. थोड्या वेळाने भिंत धरून उभी राहिले व काचेतून आत पाहिले.

रविराज ताठ बसलेला होता. त्याच्या उजव्या हातात सळई होती आणि डोळे अर्धे उघडे होते. निवृत्तीबाबांची मान छातीवर आली होती. सुलाबाई टेबलावर डोके ठेवून होत्या. कोणीही हलत नव्हते. एसी चालू होता. शेगड्या लाल होत्या. सगळे जेवून झोपल्यासारखे दिसत होते.

मी दाराची मूठ धरली. दार उघडले नाही, म्हणजे मी उघडले नाही. हे सगळे कशाने झाले ते दिसत नव्हते. आत गेले तर मीही तशीच बसून राहीन, एवढेच मला वाटत होते. मी ओरडले की नाही, आठवत नाही. सोमा काल रात्री रुग्णालयात म्हणाला की मी ओरडले नाही, तो पाणी घेऊन आला म्हणून त्याला दिसले.

सोमाने तोंडाला रुमाल बांधला. तो म्हणाला, “ताई, दार उघडं धरा, सोडू नका.” मी दार धरले. त्याने आधी सुलाबाईंना ओढत बाहेर आणले, कारण त्या दाराजवळ होत्या. नंतर त्याने रविराजला काखेत धरून आणले. रविराजची चप्पल आत राहिली. तिसऱ्या वेळी तो निवृत्तीबाबांकडे गेला आणि त्यांच्या खुर्चीशीच खाली बसला. मी हाक मारली, तो उठला नाही. त्यानंतर मी खुर्ची लावून दार उघडे ठेवले, श्वास रोखून धरला व आत गेले. सोमाला पायांना धरून ओढले. निवृत्तीबाबा वजनाने जड होते, माझ्याने ते हलले नाहीत. मी पुन्हा बाहेर आले. तोपर्यंत भटारखान्यातली माणसे आली आणि त्यांनी बाबांना उचलले.

रविराजचा चेहरा लालसर होता. मी त्याच्या नाकाजवळ हात धरला. श्वास लागत होता. सुलाबाई काही वेळाने शुद्धीवर आल्या आणि मला म्हणाल्या, “यांना उठवा, कळवणची गाडी निघून जाईल.” मी त्यांना हो म्हटले.

रुग्णवाहिकेची वाट पाहत असताना हॉटेलचे मॅनेजर दिनेश (आडनाव माहीत नाही) यांनी मला बाजूला घेतले. ते म्हणाले, “मॅडम, भावाला घास अडकला, म्हाताऱ्याला हार्टचा झटका आला. असंच सांगा, तुमच्याच सोयीचं आहे.” त्यांच्यामागे दोन माणसे शेगड्यांवर पाणी ओतत होती. एक जण भिंतीवरचे प्लायवूड काढत होता. खिळे निघत नव्हते, म्हणून त्याने ते फोडून काढले. पोलीस आले तेव्हा भिंतीत पंख्याचे भोक उघडे दिसत होते.

निवृत्ती देवरे हे रुग्णालयात ४.१० वाजता मयत झाल्याचे मला सिस्टरकडून समजले. बंद खोलीतल्या निखाऱ्यांच्या वायूने हे झाले, त्या वायूला वास नसतो, असे डॉक्टरांनी मला सांगितले. रविराज, सुलाबाई व सोमा यांना ऑक्सिजन लावण्यात आला.

आज सकाळी ७ वाजता मी चहा घ्यायला रुग्णालयाच्या फाटकाबाहेर गेले असता एक इसम माझ्याजवळ आला. वय अंदाजे ४०, पांढरा शर्ट. पुन्हा पाहिल्यास ओळखेन. तो माझ्याशी शांतपणे बोलला. तो म्हणाला, “तुम्ही दाराबाहेर चार मिनिटं उभ्या होत्या. आमच्या कॅमेऱ्यात सगळं आहे. भाऊ आत मरत होता अन् बहीण काचेतून बघत होती, हे लोकांनी पाहिलं तर बरं दिसेल का?” नंतर त्याने आईची तब्येत विचारली. ती दुपारी घरी एकटी असते हे त्याला माहीत होते. माझा चहा त्यानेच हातात दिला. मी तो प्यायले, कारण नाही म्हणायची मला भीती वाटली.

त्यानंतर मी सोमाकडे गेले. त्याच्या खाटेशी हॉटेलचे दोघे बसलेले होते. भटारखान्यात पाय घसरून पडलो, असे त्याने माझ्यासमोर डॉक्टरांना सांगितले. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. कालपर्यंत त्याला माझे नावही माहीत नव्हते. त्याला तेथून हलवून त्याचा जबाब स्वतंत्र घ्यावा, ही विनंती.

मी आईला शेजारच्या बाईंकडे बसवून रिक्षाने येथे आले. रिक्षा दोनदा बदलली. सध्या ठाण्याच्या समोर रसवंतीवर एक पांढरा शर्ट उभा आहे. तो तोच आहे का, हे मला खिडकीतून सांगता येत नाही.

रविराज सकाळी साडेआठला शुद्धीवर आला आहे. त्याने मला ओळखले. “मला बाहेर कोणी काढलं?” असे त्याने विचारले. सोमाने काढले, असे मी सांगितले, ते खरे आहे. बाकीचे अद्याप सांगितलेले नाही.

माझी विनंती अशी की, सदर हॉटेलच्या कॅमेऱ्यातले काल दुपारी साडेबारापासूनचे सर्व चित्रण आजच ताब्यात घ्यावे. त्यात खोली बंद असलेली दिसेल, निखारे आत नेताना दिसतील, प्लायवूड फोडताना दिसेल. मी दाराबाहेर उभी असलेली दिसेन. मी उभी होते. माझा भाऊ आत आहे हे मला माहीत होते आणि मला भीती वाटत होती. तेवढा भाग कापून बाकीचे चित्रण कोणी दिल्यास ते स्वीकारू नये.

हा जबाब मी सांगितला तसा मराठीत टाइप करून घेतला. हवालदार पुंजाराम साहेबांनी तो मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तेच त्यात आहे. ‘चार मिनिटे’ हा मजकूर गुन्ह्याच्या दृष्टीने गरजेचा नाही, काढायचा असल्यास आत्ताच सांगा, असे ते मला म्हणाले. राहू द्या, असे सांगून मी खाली सही केली आहे.

चैताली मो. गांगुर्डे