फालतू म्हणून काढलेली ओळ

मला मेहनतीच्या फळाचं काय सांगता? पेजरच्या जमान्यात तुर्भ्याच्या कंपनीत होतो, तेव्हा आम्ही बनवलेला सर्व्हर सारखा हँग व्हायचा. त्याचे दोन प्रोसेसर नेटवर्कसाठी एकाच क्षणी मेमरी मागायचे आणि कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा असलेला प्रोग्रॅम, दोघांना तोच तुकडा द्यायचा. हे शोधायला मी कोडमध्ये मेसेज छापणारी एक ओळ टाकली, तर मशीन जरा स्लो झाली, दोघांच्या मागण्या एकाच क्षणी येईनात आणि हँग होणंच थांबलं.

साहेबांना म्हटलं, “हा निव्वळ योगायोग आहे. दोन दिवस द्या, एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारं लॉक लावतो.”

“चालतंय ना? मग तसाच पाठव गिऱ्हाइकाला.”

पुढे शेजारच्या टेबलावरच्या कुलकर्णीने ती ओळ फालतू म्हणून काढली. स्पीड वाढला, त्याला प्रमोशन मिळालं. आठवड्याभरात सर्व्हर पुन्हा हँग.

साहेबांनी बोलावलं मला. म्हणाले, “तेव्हाच लॉक का नाही लावलंस?”