गोडाचा उपास

चौसाळ्याच्या हायवेवरच्या हॉटेलात धोंडीराम बिनसाखरेचा चहा घेऊन एसटीची वाट बघत बसले होते. पाठीमागच्या टेबलावर ऊसतोडीचा मुकादम एका नवरा-बायकोला जेवू घालत होता. सकाळी त्यांची गाडी कारखान्याला निघायची होती.

"आश्रुबा, गुलाबजामून तसाच ठिवलास की."

"त्यांचा उपास हाय, मुकादम."

"आत्ता तर कोंबडीचा रस्सा वरपला गं त्यानं."

"उपास म्हंजी गोडाचा. नारायणगडाला नवस बोललेत."

"कावून?"

"पावसासाठी."

"पावसाळा तर कोरडाच गेला. आता कशाला पाळतोस बे?"

"असंच, मुकादम. सवय झाली."

"हे बघ आश्रुबा, गेल्या साली निम्म्या हंगामात एक गडी आजारी पडला, आन त्याच्यासंगं बायको बी गावाकडं गेली. जोडीतला एक पडला की कोयताच बंद. यंदा मी दुखणाईत माणूस गाडीत बसवत न्हाई."

"मला काय झालंय?"

"मग खा की."

धोंडीरामांच्या हातातला कप तसाच राहिला. मागं वाटीत चमचा वाजला.

"अवो, नका ना."

"तू गप बस. हे बघा मुकादम, पाकासकट खाल्ला."

"आता कसं. सकाळी भांडीकुंडी घेऊन चावडीपशी या."

"येतो."

"तुमी न्हाई घेतला, मुकादम?" बाईनं विचारलं.

"मला शुगर हाय ना. डॉक्टरनं गोड बंद केलंय. आश्रुबा, तुला अजून एक गुलाबजामून मागवू का?"