साहेब खाली बसले त्याबाबत

वय ४४ वर्षे, शिक्षण एम. ए., व्यवसाय बालसंरक्षण संस्थेत समुपदेशक, राहणार दवाखान्यामागची गल्ली, दुसरा मजला.

समक्ष हजर राहून सांगते की, सात वर्षांची एक मुलगी आई गेल्यापासून काकांकडे राहत होती. मंगळवारी ती एकटीच चालत मावशीकडे गेली. तिने कुठे राहायचे हे ठरवण्यासाठी तिचे म्हणणे याच पोलीस ठाण्यात, ठाण्याच्या साहेबांनी माझ्यासमोर घेतले. ते मी तिला पढवले, अशी काकांची तक्रार आहे. तसे ठरल्यास तिला परत जावे लागेल.

आमच्या कामात उत्तर पोटात असलेला प्रश्न मुलाला विचारत नाहीत आणि मुलापेक्षा उंच बसत नाहीत. मुलगी सतरंजीवर बसली, म्हणून मीही बसले. साहेबांना म्हटले, "आपणही या."

"बाई, माझे गुडघे केव्हाच रिटायर झालेत."

"मग गुडघे सोडून बाकीच्यांनी बसावं."

साहेब टेबल धरून निम्मे उतरले व उरलेले पडले. मुलगी खुदकन हसली. "आजोबा, लागलं?"

"आजोबा कुणाला गं? अजून नोकरीत आहे मी!"

मग मी एवढेच म्हटले, "घराबद्दल सांग." ती म्हणाली, "काकांकडे माझ्या खोलीला कडी बाहेरून आहे. मावशीकडे आतून आहे."

हवालदारांनी ते तिच्याच शब्दांत लिहून घेतले.

काकांचे घर मी तोवर पाहिले नव्हते. नंतर पाहिले. कडी बाहेरून आहे, नवी आहे. मात्र ती हसली म्हणून बोलली असेल, तर तोही माझा प्रभाव धरायचा का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. म्हणून साहेबांचे पडणेही नोंदवावे.

माझा हा जबाब वाचून दाखवताना साहेबांनी हवालदारांना 'पडले' खोडून 'बसले' करायला सांगितले. मी हरकत घेतली. मुलगी मावशीसोबत बाकावर होती. साहेबांनी तिला विचारले, "मी बसलोच होतो ना गं?"

मी म्हटले, "साहेब, उत्तर प्रश्नाच्या पोटात आहे." आणि तिला विचारले, "त्या दिवशी काय झालं?"

ती म्हणाली, "पडले. पण रडले नाहीत."

तशी दुरुस्ती केली. आता सर्व मजकूर मी ऐकला, तो घडल्याप्रमाणे आहे, म्हणून सही करते.