सशाची सोय

शनिवारी सकाळी, जनावरांच्या दवाखान्यात, मांजर घेऊन आलेल्या एका गृहस्थांच्या कानी शेजारच्या बाकावरील सासू-जावयांचे बोलणे पडले. महिनाभर परगावी निघालेल्या सासूबाईंच्या मांडीवर त्यांचा ससा होता.

"माझ्यामागे याला जिवापाड सांभाळा हं, जावईबापू."

"काळजीच नको. आमच्याकडे ससे पिढ्यान्‌पिढ्या आहेत."

"पाळता?"

"पाळतो, आणि खातोही."

"अगं बाई! हा मुका जीव खाता?"

"तुम्ही खाता ती कोंबडी बोलकी असते का?"

"कोंबडीला कोणी कुशीत घेऊन निजत नाही!"

"आमच्या लग्नात रस्सा तर दोनदा मागून घेतलात."

"तो... कोंबडीचाच होता ना?"

"आई म्हणाली होती, विहीणबाईंना सांगू नकोस."

सासूबाईंनी सशाचे दोन्ही कान हातांनी झाकले.

"मी आता कुठेही जात नाही."